अमोनियानं मागितलेली माफी

इवाई, तुम्ही गेल्यापासून तुमच्या या घरात सगळे माझं ऐकायला लागलेत. चहात आलं जास्त झालं म्हणलं तर सुमन म्हणती, व्हय आबा. पंखा बंद करा म्हणलं तर तुमचा संतोष गुमान उठून बंद करतो. काल मी मुद्दामच म्हणलं, शहागंजातली दुकानं आता काय कामाची राहिली नाय. तर इहीनबाई म्हणाल्या, नाय राहिली खरी. ज्या बाईनं सगळा जन्म शहागंजात बाजार केला, तिनं असं म्हणावं? माणूस गेल्यावर घर सुनं होतं हे मला ठाऊक होतं. ते असं होयबा होतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून लिहायला बसलो. मी चौथीपर्यंत गेलेलो, तुम्ही उभा जन्म सरकारी पेन चालवलेलं. हे वाचायला असता तर पहिल्या ओळीलाच म्हणला असता, पाव्हणं, नांगर धरल्यासारखा पेन धरू नका. आता काय म्हणायचं ते म्हणा. मी थांबणार नाय.

लोकांना आपल्या दोघांचं कधी उमगलं नाय. माझी सुमन तुमच्या संतोषला दिली, तेव्हापासून आपण इवाई. तुम्ही पैठणला कालवा निरीक्षक, मी लासूर स्टेशनच्या अलीकडचा शेतकरी. इवाई एकमेकांना मान देतात, शालनारळ देतात, जेवताना आग्रह करतात. आपण वीस वर्षांत एकमेकांना फक्त उत्तरं दिली. मला कुणी विचारलं की इवाई कसे आहेत, तर मी म्हणायचो, चुकीचे आहेत, पण तब्येत बरी आहे.

आणि सुरुवात तुम्हीच केली. लग्नाच्या दिवशी.

सोयरीक जुळवायच्या वेळी मी विषमज्वरानं अंथरुणाला खिळलेलो. सगळी बोलणी माझ्या धाकट्या भावानं, कडूबानं केली. त्यामुळं तुम्ही मला पाहिलेलं नव्हतं, इतकं मी आजही मान्य करतो. तुमचं वऱ्हाड मांडवाच्या दारात आलं, वाजंत्री जोरात, व्याहीभेटीची घाई. इकडं मागं आचाऱ्याची भट्टी विझली आणि बुंदीचा घाणा तसाच राहिला. घरचं लग्न, बुंदी कच्ची राहिली तर नाव कुणाचं जाणार? मी बनियनवर गेलो आणि भट्टीत लाकडं सारायला लागलो. तेवढ्यात तुम्ही पुढं झालात. दारात कडूबा उभा, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. बोलणी करणारा हाच नवरीचा बाप, असं धरून तुम्ही त्याला मिठी मारली आणि नवरीच्या बापाचा मानाचा फेटा त्याच्या डोक्याला बांधून टाकला. ते येडं पण गप उभं राहिलं. नंतर मला म्हणतो, दादा, वाजंत्रीत काय बोलणार?

मी हात पुसत पुसत आलो. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि कडूबाला म्हणालात, “हे बुंदीवाले का? यांना म्हणावं आधी वऱ्हाडाला पाणी द्या.”

झालं ते झालं. चूक कळल्यावर तरी तुम्ही दुसरा फेटा बांधायचा. तर तुम्ही म्हणालात, बांधलेला फेटा उतरवत नसतात आणि एका लग्नात दोन बाप नसतात. बापानं बापाच्या जागेवर उभं राहावं. मी म्हणलं, मिठी मारणाऱ्यानं आधी तोंड बघावं. तिथून जे सुरू झालं ते सुमनची लेकरं कॉलेजात गेली तरी मिटलं नाय. मी शपथ घातली, तुम्ही चूक कबूल करेपर्यंत कुणाच्याच लग्नात डोक्याला फेटा लावणार नाय. तुम्ही म्हणालात, नका लावू, उन्हाचं डोकं तुमचंच तापंल.

फेट्याखेरीज दुसरं मोठं भांडण धरणाचं. मी म्हणायचो, जायकवाडी आमच्या उशाला आणि पाणी जातं परभणीला, हा कुठला न्याय? तुम्ही म्हणायचात, “पाणी वर चढत नाय, पाव्हणं. ते माणसासारखं हट्टी नसतं.” इतकं बोलून तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचात. त्या चष्म्याचा मला लई राग यायचा.

मग तो उन्हाळा आला. तुम्ही रिटायर होऊन शहागंजाच्या मागच्या गल्लीत घर केलेलं. सकाळी दात घासताना तुम्हाला रक्ताची उलटी झाली. मोरी लाल झाली म्हणून सुमननं फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, नुसती बोलत होती, आणि त्याचंच मला भ्या वाटलं. दवाखान्यात कळलं, लिव्हर आकसून दगड झालंय. साखरेच्या बिमारीनं आणि चरबीनं. तुम्ही कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाय, पण लोकांना काय, लिव्हर म्हणलं की त्यांना बाटली दिसती. लासूरच्या बाजारात एक जण मला म्हणाला, इवाई चोरून घेत असतील. मी म्हणलं, “आमचा इवाई चोरून काय करूच शकत नाय. चोरी करायला गप बसावं लागतं.”

डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून फुगलेल्या शिरा रबरानं बांधल्या. एकदा बांधल्या, दुसऱ्यांदा बांधल्या. परत रक्त आलं. मग तिथल्या डॉक्टरबाईंनी आपल्या सगळ्यांना बसवून घेतलं आणि कागदावर चित्र काढायला लागल्या. तुम्ही थोडा वेळ पाहिलंत आणि त्यांच्या हातातला पेन मागून घेतलात. वाटलंच मला.

“म्हणजे मुख्य कालवा बुजलाय,” तुम्ही म्हणालात. “पाणी मागं तुंबलंय. मागच्या बारक्या चाऱ्यांवर ताण येऊन त्या फुटतायत. तुम्ही लिव्हरच्या मधून नवी चारी काढून पाणी पलीकडं सोडणार.”

“अगदी तसंच, काका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मानेच्या शिरेतून आत जायचं आणि लिव्हरमध्ये जाळीची नळी बसवायची. पोट फाडायचं नाही. ताण उतरतो, रक्त थांबतं.”

“आणि गाळणीचं काय?”

बाई म्हणाल्या, “तेच सांगणार होते. रक्त गाळायचं काम लिव्हरचं. नळीतून जाणारं रक्त न गाळता पुढं जातं. त्यातला अमोनिया डोक्यात चढला तर माणूस गोंधळतो. दिवसा झोप, रात्री जाग, बोलण्यात घोटाळा. त्यावर औषध आहे, पण लक्ष ठेवावं लागेल. घरच्यांनाच आधी कळतं.”

संतोष लगेच म्हणाला, करा. जीव वाचतोय ना, करा. तुम्ही मला खूण करून बाहेर कँटीनला घेऊन गेलात. माझ्यासाठी चहा मागवलात, स्वतःसाठी बिनसाखरेचा. तुम्ही मला चहा पाजलात म्हणजे काहीतरी मोठं काम असणार.

“मरायचं मला काय नाय, पाव्हणं,” तुम्ही म्हणालात. “रात्रपाळीला कालव्यावर हिंडलोय, साप पायाखालून गेलेत. पण खुळा होऊन खाटेवर बसायचं मला नाय. आणि झालो तर घरातले मला सांगणार नायत. संतोष म्हणंल दादा थकलेत. तुमची इहीन म्हणंल वय झालं. तुम्ही सांगायचं.”

“मीच का?”

“तुम्हाला माझी भीड नाय.”

“भीड कशाची धरू? माझा फेटा राहिलाय.”

“तेच म्हणतो मी. रोज सकाळी फोन करायचा. मी भांडलो तर डोकं जाग्यावर. ज्या दिवशी मी तुमचं म्हणणं पटलं म्हणून सांगेन, त्या दिवशी विचार करू नका, सरळ दवाखाना.”

इवाई, मला जन्मात कुणी असलं काम दिलं नव्हतं. पंचायतीत पंच केलं होतं, सोसायटीत संचालक केलं होतं, पण ते काय, हात वर करायचं काम. हे भरवशाचं काम होतं. आणि ते तुम्ही मला दिलंत म्हणून मी त्या दिवशी दवाखान्यातून मान ताठ करून बाहेर पडलो. तुम्हाला दाखवलं नाय, इतकंच.

नळी बसली. रक्त थांबलं ते थांबलंच, परत कधी आलं नाय. गळ्यावर इवलीशी पट्टी घेऊन तुम्ही घरी आलात आणि मी सकाळी गोठ्यातनं फोन करायला लागलो.

“काय, आहात का?”

“आहे. तुमच्या आल्याचे भाव पडलेत म्हणे.”

“पडू द्या. परत चढतील.”

“कपाशी लावा म्हणलं होतं मी.”

“कपाशीतलं तुम्हाला काय कळतंय, पाटावर छत्री घेऊन बसणाऱ्या माणसाला?”

“छत्री सरकारी होती. तुमच्यासारखी उसनी नव्हती.”

मी फोन ठेवायचो आणि बायकोला सांगायचो, डोकं जाग्यावर आहे. ती म्हणायची, त्यांचं आहे व्हय, तुमचं बघा.

पहिला झटका आला तो पाण्यावरनंच. सकाळी मी फोन केला तर तुम्ही म्हणालात, “नंतर बोलू. आज टेलची पाळी आहे. शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी गेलं पाहिजे, तुमच्या गावालाही सोडतो.” मला आधी हसू आलं. मग म्हणलं, थांब. आमच्या गावाला पाणी सोडतो म्हणणारा माणूस माझा इवाई रंगनाथराव नसणार. मी लगेच सुमनला फोन लावला, बघ गं, सासरे कुठं आहेत. ती गच्चीवर पळाली. तुम्ही टाकीचा व्हॉल्व्ह पुरता उघडून, हातात काठी घेऊन उभे होतात. या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे काय सांगायला पाहिजे? आठवड्याची भरलेली टाकी पन्हाळीतून गल्लीत धो धो चालली होती. आणि गल्लीतल्या बाया हंडे, बादल्या, कुकरची भांडी, जे सापडंल ते घेऊन रांगेत. समोरची शबाना तर म्हणाली, “चाचा, हर हफ्ते ऐसी पाळी रखो.” तुम्ही तिला सांगितलंत, अर्ज करा.

तेव्हा मला कळलं की औषधाचं काम काय असतं. ते गोड, चिकट औषध. दिवसातनं दोन-तीनदा पोट साफ झालं की अमोनिया खाली राहतो, नाय झालं की डोक्यात चढतो. तुम्ही त्या औषधावर लई खार खाऊन होतात. म्हणायचात, आयुष्यभर लोकांची पाणीपाळी ठरवली, आता म्हातारपणी माझी पाळी बाटली ठरवती.

आणि त्या बाटलीपायीच पुढचं सगळं झालं. पैठणला तुमच्या पुतण्याच्या घरी साखरपुडा होता. तुम्ही एसटीनं जायचं ठरवलंत. संतोष म्हणाला, गाडी करू. तुम्ही म्हणालात, पैठणला मी आयुष्यभर एसटीनं गेलो, आता गाडी कशाला? पण एसटीत बसायचं तर मधे उतरायची पंचाईत. बिडकीनला गाडी थांबती, पण कंडक्टर काय तुमच्यासाठी डबल घंटी धरून बसंल? मग तुम्ही कुणाला न सांगता औषधच बंद केलंत. आदल्या दिवशीपासून. तिथं साखरपुड्यात मानाच्या पंगतीला बसलात, शिरा खाल्ला, सगळ्यांना सल्ले दिले, म्हणजे तिथपर्यंत ठीकच होतं. परत आलात तरी बाटलीला हात नाय.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या रेल्वेनं आलो. सुमनला वाणवळा आणला होता, वांगी, शेंगा. घरात पाय ठेवला तर तुम्ही खाटेवरनं उठलात. दांडीवर धुतलेली चादर वाळत होती, ती ओढलीत. आणि माझ्या डोक्याला गुंडाळायला लागलात. पेचावर पेच. चादर अजून ओली, पाणी माझ्या मानेतून पाठीत उतरत होतं. तुमच्या डोळ्यांत पाणी. म्हणालात, “माझं चुकलं. लग्नात तुमचा मान राहून गेला. मी माणूस ओळखला नाय. आज राहिलेला मान घ्या.” आणि मला मिठी मारलीत.

इवाई, मी वीस वर्षं त्या मिठीची वाट पाहिली होती. इहीनबाई पदराला डोळे पुसायला लागल्या. संतोष गहिवरला. सुमन म्हणाली, आबा, हलू नका, आणि तिनं मोबाइलवर फोटो काढला. मी आपला ओला फेटा सांभाळत, असू द्या, असू द्या, झालं गेलं, असं राजासारखं म्हणत खुर्चीवर बसलो. रोज फोनवर तुमच्या शब्दाशब्दावर कान ठेवणारा मी, पण त्या दिवशी एक कपभर चहा होईपर्यंत मला काही म्हणजे काही शंका आली नाय. आणि का यावी? बरोबर तेच तर बोलत होतात तुम्ही.

मग तुम्ही चहाचा घोट घेतलात आणि मला म्हणालात, “बरं झालं आलात, कडूबाराव. थोरले भाऊ कुठं दिसत नायत? अजून बुंदीपाशीच का?”

मी कप खाली ठेवला. सुमनला म्हणलं, गाडी बोलव.

दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, काका, दोन्ही हात पुढं करा, गाडी थांबवतो तसे. तुम्ही हात केलेत. पंजे टिकंनात. दमलेल्या पाखरानं पंख मारावे तसे खालीवर, खालीवर. मला ते बघवलं नाय, मी भिंतीवरचा पंखा पाहत राहिलो. एनिमा दिला, औषध दिलं, सलाईन लावलं. सकाळी तुम्ही डोळे उघडलेत आणि पहिलं वाक्य बोललात, “पाव्हणं, तुमच्या डोक्याला काय झालं? केस चिकटलेत.”

मी म्हणलं, तुम्ही फेटा बांधलात. तुम्ही माफी मागितलीत.

“मी? तुमची?”

मी सुमनचा मोबाइल पुढं धरला. तुम्ही चष्मा लावून, मोठं करून, लई वेळ तो फोटो पाहिलात.

“ही चादर आहे,” तुम्ही म्हणालात.

“चादरीचा फेटा आहे.”

“ती माफी अमोनियानं मागितली. माझा काय संबंध?”

आपलं शेवटपर्यंत न मिटलेलं भांडण ते हेच. मी म्हणायचो, माणूस भ्रमात पोटातलंच बोलतो. जे आत नाय ते ओठावर येणार कुठून? तुम्ही म्हणायचात, मग मी तुम्हाला कडूबा म्हणलो ते पण पोटातलंच का? गच्चीवर कालवा होता ते पण खरंच का? हवं ते उचलायचं आणि नको ते सोडायचं, हा काय बाजार आहे? तुमचा मुद्दा वाईट नव्हता. मी तेव्हा मानला नाय, आत्ताही मानत नाय. वाईट नव्हता, एवढंच म्हणतो.

पुढं औषध वेळेवर घेऊनही झटके यायला लागले. कधी स्वेटरमध्ये पाय घालायचात, कधी इहीनबाईंना विचारायचात, बाई, तुम्ही कुणाकडच्या? त्या हसून सांगायच्या, मी पैठणची, आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर यायच्या नाय. माझ्या फोनला कधी भांडण मिळायचं, कधी नुसतं व्हय, व्हय. त्या व्हय-व्हयची मला धास्तीच बसली. शुद्धीवर आलात की तुम्ही पहिलं मला विचारायचात, काय काय केलं मी? आणि मी एकूण एक सांगायचो. एकदा संतोष मला बाजूला घेऊन म्हणाला, “मामा, कशाला सांगता? त्यांना वाईट वाटतं.” मी म्हणलं, मला तुझ्या बापानं त्याच कामावर ठेवलंय.

मग डॉक्टरबाईंनी दुसरा रस्ता सांगितला. ती नळी आतून बारीक करता येती. न गाळलेलं रक्त कमी जाईल, डोकं साफ राहील. पण ताण परत वाढंल. पोटात पाणी भरंल, रक्ताची भीती परत येईल. मोठी नळी ठेवली तर कदाचित जास्त जगाल, पण झटके वाढत जातील. बाईंनी काही लपवलं नाय. म्हणाल्या, यात बरोबर-चूक नाही, तुम्हाला काय हवंय ते महत्त्वाचं.

तुम्ही तिथंच म्हणालात, बारीक करा.

संतोष म्हणाला, नको. आणि माझ्याकडं पाहिलं. मी पण म्हणलं, नको.

तासभर आपण भांडलो त्या खोलीत. मी म्हणलं, लेकरांची लग्नं बघायला नकोत का? तुम्ही म्हणालात, बघून कुणाचं लग्न ते कळायला नको का? मी म्हणलं, झटका आला तर दवाखाना आहे, औषध आहे, आम्ही आहोत. तुम्ही म्हणालात, “कालव्याला मोठं भगदाड ठेवून रोज वाळूची पोती टाकत बसायला तुम्हाला मजा वाटंल. कालवा मी आहे.” मी म्हणलं, माणूस असण्याला काय किंमत आहे का नाय? तुम्ही म्हणालात, हेच विचारतोय मी.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा बोललो नाय. तुम्ही मला रोज कडूबा म्हणला असता तरी मी ओ दिली असती. जन्मभर दिली असती. हे ओठापर्यंत आलं होतं. पण ते बोललो असतो तर तुम्ही म्हणला असता, पाव्हणं, तुमचाच अमोनिया चढलाय. म्हणून गिळलं. आता बोलतो, आता तुम्हाला उत्तर देता येत नाय.

मग संतोष हळूच डॉक्टरबाईंना म्हणाला, “मॅडम, दादांच्या बोलण्यावर जाऊ नका. ते पूर्ण शुद्धीत नसतात हल्ली.” लेकराचा काय दोष? त्याला बाप पाहिजे होता. बाईंनी तुमचे हात पुढं धरायला लावले, वार विचारला, वजाबाकी विचारली. मग तिथं बसलेल्या सगळ्यांकडं पाहून म्हणाल्या, रोज त्यांच्याशी बोलतं कोण?

मी होतो. तुम्ही माझ्याकडं बघत होतात. काय बोलंल हा माणूस, असं पहिल्यांदा तुमच्या चेहऱ्यावर पाहिलं मी. मी नुसतं एवढं म्हणलं असतं तरी पुरं होतं की बाई, थोडा गोंधळ वाटतो. संतोषला तेच पाहिजे होतं, मला पण तेच पाहिजे होतं. नळी तशीच राहिली असती.

मी म्हणलं, “बाई, तासभर झाला, यांनी माझा एक मुद्दा मानला नाय. वर माझेच दोन मुद्दे माझ्यावर उलटवले. डोकं एकदम जाग्यावर आहे.”

संतोष आठ दिवस माझ्याशी बोलला नाय. तुम्ही पण आभार मानले नायत. परत येताना रिक्षात फक्त म्हणालात, “दोन नाय, तीन उलटवले.”

नळी बारीक झाली आणि काय दिवस गेले ते, इवाई. तुमचं पोट फुगायचं, मग पाणी काढून आणायचं, पण डोकं उन्हात धुतल्यासारखं लख्ख. त्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा तुम्ही मला हट्टानं पैठणला नेलंत, या खेपेला गाडी करून. पुलावर ही गर्दी, तुषार तोंडावर येत होते. मी म्हणलं, बघा, आमच्या डोक्यावरनं आलेलं पाणी कसं वाया चाललंय. तुम्ही तिथं उभ्या उभ्या मला पाण्याचा सगळा हिशेब समजावलात, कुठलं नाशिकचं, कुठलं नगरचं, उजवा कालवा कुठं जातो, डावा कुठं. शेजारचे चार लोक पण ऐकायला थांबले. एकानं विचारलं, साहेब, तुम्ही इंजिनिअर का? तुम्ही म्हणालात, नाय, पण हे गृहस्थ तसं समजून चाललेत म्हणून सांगावं लागतंय. मी तुम्हाला कधी सांगितलं नाय, पण पाणी वर का चढत नाय ते मला त्या दिवशी पटलं. तुम्हाला कळू दिलं असतं तर तुम्ही माझ्याच डोक्याची तपासणी करायला लावली असती.

मग पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन झालं. ताप उतरंना. डोळे हळदीसारखे. आपण सगळे समजलो. संतोष उशाशी, सुमन पायाशी, इहीनबाई तुमचा हात धरून. मी स्टुलावर. पाणी काढायला सिस्टर आली, पिशवी भरली, मी म्हणलं, बरंच निघालं. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, “पाणी मोजायचं मला शिकवू नका.”

आज तुम्ही नाय. तुमचा निर्णय चुकला असं मी अजून म्हणतो. नळी मोठी ठेवली असती तर यंदाची दिवाळी दिसली असती, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे भांडायला वाटतं. पण तुम्ही मला ज्या कामावर ठेवलं होतं त्याचा शेवटचा जबाब तुम्हाला द्यायचा राहिलाय, तो देतो.

त्या शेवटच्या दुपारी डॉक्टरबाई आल्या. तुमचा आवाज अगदी खोल गेला होता. त्यांनी वाकून विचारलं, “काका, शुद्ध आहे ना? हे कोण बसलेत सांगा बरं?” आणि माझ्याकडं बोट केलं. तुम्ही मान वळवलीत. लई वेळ माझ्याकडं पाहिलंत.

“हे भानुदासराव,” तुम्ही म्हणालात. “माझे इवाई. लासूरकडचे.” मग दम घेतलात, आणि बाईंना जवळ बोलावून सांगितलंत, “यांचं काय ऐकू नका.”